बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतरचं छोटं ताट: मनाला सवय कशी लावायची (आपल्या बेळगाव भागातल्या लोकांसाठी)

वजन कमी करण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन (यालाच बॅरिअॅट्रिक म्हणतात) होऊन पाचवा आठवडा लागला आणि मला मऊ जेवण सुरू करायला सांगितलं. त्या दिवशी मी स्वतः मुगाची पातळ खिचडी केली, वर थोडं तूप, आणि सवयीने नेहमीच्या ताटात दोन पळ्या वाढून घेऊन बसले. चौथ्या चमच्याला छातीच्या मधोमध दाब आला आणि हात थांबला. ताटात खिचडी तशीच, वाफ येतेय, आणि मी रडायला लागले. मिस्टर घाबरले, दुखतंय काय म्हणून विचारत होते, पण दुखत काहीच नव्हतं. कुठलं तरी जवळचं माणूस गाव सोडून गेल्यासारखं वाटत होतं.

माझं स्लीव्ह झालंय, म्हणजे पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी राहते. तीन वर्षं झाली. मला डाएट चार्ट मिळाला होता, गोळ्यांची यादी मिळाली होती, पण मनाचं काय होणार हे कोणी पाच मिनिटं बसून सांगितलं नाही. पोट दोन तासात लहान झालं पण डोळ्यातलं आणि हातातलं माप जुनंच होतं, ते बदलायला मला सात-आठ महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेला चार्ट वेगळा असेल तर तोच पाळायचा.

आधी हे जमवून ठेवा

वस्तू फार लागत नाहीत:
- एक छोटी स्टीलची वाटी, साधारण १०० मिलीची (घरात नैवेद्याची असते ती चालते)
- लहान बाळाचा चमचा
- डिजिटल वजनकाटा, किचनचा
- मिलीच्या खुणा असलेली पाण्याची बाटली
- एक साधी वही आणि मोबाईलचा टायमर

कागद: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट (स्लीव्ह की बायपास हे त्यात असतं, हा बायपास हृदयाचा नाही, पोटाचा: पोटाचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून आतड्याला जोडतात, तो फक्त ३० मिलीच्या आसपासचा असतो म्हणून नियम थोडे वेगळे), डाएट चार्ट, ऑपरेशनआधीचे रक्ताचे रिपोर्ट ज्यात बी १२, डी, आयर्न, कॅल्शियम आहे, आणि चालू गोळ्यांची यादी. सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून ठेवा आणि फोटो मोबाईलमध्ये. आपल्यातले बरेच जण ऑपरेशन एका गावात करतात आणि राहतात दुसऱ्या, कोण कोल्हापूर कोण हुबळी कोण पुणे, आणि रात्री उलट्या सुरू झाल्या की जवळच्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच असतो की नक्की कुठलं ऑपरेशन.

१. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस वही लिहा

काय खाल्लं ते लिहूच नका, ते सगळ्यांना माहीत असतं. कधी आणि का खाल्लं ते लिहा. माझ्या वहीत उशिरा निघालं की दुपारी चार ते साडेपाच हा माझा घातवार. पोरं शाळेतून येईपर्यंत घर रिकामं, चहा ठेवायचा आणि डब्यातलं भडंग मूठ मूठ करत संपवायचं. भूक नव्हतीच त्याला. घर शांत असायचं म्हणून खायचे मी. हे आधी कळलं असतं तर त्या दीड तासाचं दुसरं काहीतरी ठरवून ठेवलं असतं, मला कळलं ते ऑपरेशननंतर, जेव्हा चार वाजले की हात आपोआप डब्याकडे जायचा आणि डबा उघडून मी नुसती उभी राहायचे.

२. पहिला महिना: याला जेवण म्हणूच नका

साधारण क्रम असा असतो: एक-दोन दिवस नुसतं पाण्यासारखं, मग दोन आठवडे पातळ (ताक, दूध, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर), मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू साधं जेवण. प्रत्येक डॉक्टरचा क्रम थोडा पुढेमागे होतो.

या दिवसात "मी हे कशाला केलं" असं वाटणार. मला अकराव्या दिवशी वाटलं, शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला तेव्हा. मला वाटलं मीच कमजोर, नंतर ज्या ज्या ऑपरेशन झालेल्या बायकांशी बोलले त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. भूक कमी असते कारण भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, जास्त करून पोटाच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. म्हणजे पोट मागत नाही पण मन मागतं, आणि हे दोन एकाच वेळी होत असल्यामुळे माणूस गोंधळून जातो.

या महिन्यात मी एवढंच केलं: ३० मिली घोट घोट पंधरा मिनिटांत, अलार्म लावून, औषध घेतल्यासारखं. आणि जेवणाच्या वेळेला घरच्यांबरोबर बसायची सक्ती स्वतःवर केली नाही. पहिले आठ-दहा दिवस ते जेवायचे तेव्हा मी गच्चीवर फेऱ्या मारायचे. त्यात काही वाईट नाही.

३. ताट आधी बदला, मग मन बदलतं

हा भाग सगळ्यात कामाचा, म्हणून जरा लांबण लावते.

आपण ज्या घरात वाढलो तिथे पानात टाकायचं नाही हे पहिलं शिकवलं जातं. माझी आई खानापूरकडची, भाताचा प्रदेश, पानात चार शितं राहिली तरी तिची नजर तिथे जायची. आता ऑपरेशननंतर तुम्ही जुन्या अंदाजाने वाढून घेतलं की दोनच गोष्टी होतात, एकतर संपवायला जाता आणि उलटी होते, नाहीतर टाकता आणि दिवसभर अपराधी वाटतं. दोन्ही रोज तीन वेळा. याच्यावर उपाय एकच, वाढतानाच मोजून वाढायचं.

मी काय केलं ते सांगते. नेहमीचं मोठं ताट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. देवाच्या नैवेद्याची छोटी वाटी असते ना, तसलीच एक नवीन आणली, माझ्यासाठी वेगळी. सुरुवातीला तिच्यात तीन-चार टेबलस्पून एवढंच. पहिले तीन महिने काट्यावर वजन करून घ्यायचे: ६० ग्रॅम, मग ८०, मग १००. रोज तेच बघून बघून डोळ्याला कळायला लागलं की हीच आता पूर्ण वाटी आहे. मोठ्या ताटात ८० ग्रॅम बघितलं की उपाशी ठेवल्यासारखं वाटतं, छोट्या वाटीत तेच काठोकाठ दिसतं. ऐकायला साधं वाटेल पण माझं रडणं याच्यामुळे थांबलं.

वाटीतला क्रमही ठरलेला ठेवा. आधी प्रोटीन (अंडं, पनीर, घट्ट डाळ, मासा, मऊ शिजवलेलं चिकन), मग भाजी, जागा उरली तर भात-भाकरी. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात आणि एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपासच मिळतं, म्हणजे पहिल्या दोन घासांची किंमत बघा की. भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही हे मला माहीत आहे, ज्वारीची भाकरी आपल्या हाडात आहे. दोन-अडीच महिन्यांनी मला परवानगी मिळाल्यावर मी चतकोराचा अर्धा तुकडा आमटीत पूर्ण कुस्करून, भिजू देऊन घेतला. कोरडी भाकरी आणि चपाती बऱ्याच जणांना अडकते, आणि मऊ ब्रेड त्याहून जास्त.

वाटी संपली आणि खरंच भूक असेल तर परत घ्यायची मुभा स्वतःला द्या. ही मुभा आहे एवढं माहीत असलं की पहिल्यांदाच जास्त वाढून घ्यायची घाई होत नाही. दहापैकी नऊ वेळा परत लागत नाही.

४. घास, चमचा, टायमर

बाळाचा चमचा घ्या. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवा, हातात धरून बसू नका. २०-२५ वेळा चावा. जेवण २० ते ३० मिनिटांत संपवा, त्याच्यापुढे वाटी घेऊन बसलं की दिवसभर चरायची सवय लागते. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मला हा नियम सगळ्यात जड गेला कारण आपल्याकडे तांब्या-भांडं ताटाबरोबरच येतं. मी तांब्या टेबलावरून काढूनच टाकला. बाकीच्या वेळेत मात्र घोट घोट करत दिवसाचं दीड-दोन लिटर व्हायला पाहिजे.

आणि टीव्ही, मोबाईल बंद. मालिका बघत खाल्लं की मी दोनदा ओकले आहे, कारण थांबायचा इशारा कळतच नाही.

५. पोटाची भूक की डोक्याची

पोटाची भूक हळूहळू येते, काहीही चालतं तिला, अंडं पण चालतं. डोक्याची भूक अचानक येते आणि तिला एकच पदार्थ पाहिजे असतो. खडेबाजारातून जाताना मिठाईच्या दुकानात कुंदा दिसला आणि आता पाहिजेच असं झालं, ती डोक्याची.

ती आली की मी वहीत तीन शब्द लिहिते: वेळ, जागा, मनात काय. मग दहा मिनिटांचा टायमर, आणि त्या दहा मिनिटांत हात अडकेल असं काम. माझं काम म्हणजे फुलवाती वळणे किंवा लसूण सोलणे. तुम्हाला जे जमेल ते, पण हाताचं पाहिजे, डोक्याचं नको. दहा मिनिटांनी बहुतेक वेळा लाट ओसरते. ओसरली नाही तर बघा शेवटचं प्रोटीन कधी घेतलं होतं, पाच-सहा तास झाले असतील तर ती खरी भूक असू शकते आणि मग खायचं, घाबरायचं नाही.

काही वेळा त्या तीन शब्दांत दुसरंच निघतं. माझं एकदा निघालं "रात्री ९, किचन, आईशी फोनवर भांडण". पूर्वी असं झालं की मी खायचे. आता खाता येत नाही म्हटल्यावर ते दुःख तसंच समोर उभं राहतं, त्याला बसायला जागाच नाही. ऑपरेशनने खाण्याचा आधार काढून घेतला जातो आणि त्या जागी दुसरा आधार आपल्यालाच उभा करावा लागतो. काही जणांचा हा आधार दारू, खरेदी किंवा सिगरेटकडे सरकतो. दारूबद्दल स्पष्ट सांगते, ऑपरेशननंतर, खास करून बायपासनंतर, ती फार लवकर आणि जास्त चढते. गोव्याला गेल्यावर "एक ग्लास काय होतंय" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

६. "बस" चा इशारा शोधा

पूर्वीसारखं पोट गच्च भरल्याचं समाधान आता येत नाही, त्याची वाट बघू नका. तो टप्पा आला म्हणजे तुम्ही दोन घास आधीच चुकलात. छोटे इशारे येतात: एक उचकी, नाकातून पाणी, एखादी शिंक, मोठा सुस्कारा, छातीच्या हाडाखाली हलका दाब. माझी उचकी येते. ती आली की चमचा ठेवला, मग वाटीत अर्धा घास राहू दे नाहीतर तीन. तोंडात फेसासारखी लाळ यायला लागली तर उभं राहा, हळू चाला, वरून पाणी ढकलू नका.

७. पंगत, पाहुणे आणि आग्रह

आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. नाही म्हटलं की माणसाला नाही म्हटल्यासारखं होतं. म्हणून हे आधीच ठरवून ठेवा.

घरात कोणाला सांगायचं: ज्यांच्या हातात पळी आहे त्यांना तरी सांगाच. माझ्या सासूबाई, आम्ही आत्या म्हणतो त्यांना, पहिले दोन महिने रोज म्हणायच्या "एवढ्याशानं काय होतंय गं, अजून एक घास घे." मला राग यायचा. मग एक दिवस मी त्यांना वाटी आणि काटा दाखवला आणि म्हटलं, आत्या, तुम्ही वाढा, पण या खुणेपर्यंत. तेव्हापासून काळजी करायचं त्यांचं काम झालं आणि त्या इतक्या काटेकोर निघाल्या की पाहुण्यांनाही त्याच थांबवतात. आग्रह करणाऱ्याला माप सांभाळायचं काम द्या, माझ्या अनुभवात याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

बाहेरच्यांना ऑपरेशनचं सांगायचं की नाही ही पूर्ण तुमची मर्जी. "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरने थोडंच सांगितलंय" एवढं खरं आहे आणि पुरतं. कानडी शेजाऱ्यांकडे "ऊटा आतेनरी?" (जेवण झालं का?) विचारलं की हसून "आतरी" (झालं) म्हणा, आणि पानावर वाढायला लागले की "साक्री, साक्री" (पुरे, पुरे) म्हणत हात पानावर आडवा धरा. तोंडाने म्हणून वाढपी थांबत नाहीत, हात आडवा पाहिजेच.

लग्नात मी पंगतीच्या आधी घरून दही किंवा पनीर खाऊन जाते, शेवटच्या पंगतीला बसत नाही (उपाशी राहून हावरट होतं मन), आणि बाजूला बसणारं माणूस ठरवून ठेवते जे माझ्या पानातलं उचलेल. मांडा आला तर तळहाताएवढा तुकडा, दुधात भिजवून, आणि तो खरंच हळू, चव घेत. परडी भरायला सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात गेलो तेव्हा पुरणपोळीचा प्रसाद एक चिमूट घेतला. प्रसादाला माप नसतं, चिमूटभरही पूर्णच असतो, हे मला आत्यांनीच सांगितलं.

उपवास पहिले काही महिने तरी करू नका, नंतर विचारूनच करा. एकादशी दुप्पट खाशी आपल्याला माहीत आहेच, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाही, वर तो चिकट.

८. स्वयंपाक तुम्हीच करत असाल तर

घरात पाच माणसांचं करायचं आणि आपण वाटीभर खायचं, हे रोजचं आहे आणि रोज थोडं टोचतं. मी आधी माझी वाटी खाऊन मग बाकीचं करते. चव बघायचं काम मुलीकडे दिलं. उरलेलं "वाया कशाला" म्हणून तोंडात टाकणं पूर्ण बंद, त्याला डबा आणि फ्रीज.

९. सोपे जाणारे पदार्थ, खरा सापळा

अंडं-डाळ पोटात जागा धरते. भडंग, शेव, बिस्कीट, खारी, आईस्क्रीम लाळेत विरघळून निघून जातं, कितीही जातं. पहिल्या वर्षात वजन असंही उतरत असतं म्हणून चूक लक्षात येत नाही, बहुतेक उतरण पहिल्या १२ ते १८ महिन्यांत होते आणि त्याच्यानंतर हीच सवय वजन परत आणते.

गोडाचं वेगळं. खास करून बायपासवाल्यांना कुंदा, करदंट, गुलाबजाम असलं काही पोटात गेलं की १०-३० मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात, याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊन थरथर होते. असं झालं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरला सांगा. शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर बदलावा लागतो, तोही स्वतःहून नाही, विचारून.

१०. आरसा, काटा, केस

वजनकाटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन अडतं, बऱ्याच जणांचं अडतं, त्यावरून खाणं आणखी कमी करू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि गोळ्या नियमित ठेवा. व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर आहेत, बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत.

आणि लोक म्हणणार "आजारी दिसतेस गं". दुकानात मी वर्षभर जुन्याच मापाचा ड्रेस मागायचे. दर महिन्याला एकाच भिंतीसमोर, एकाच ड्रेसमध्ये फोटो काढा, आरशापेक्षा तो लवकर पटतो.

११. मदत कधी घ्यायची

दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, चोरून खाणं किंवा मुद्दाम ओकणं सुरू झालं असेल तर मानसोपचारवाल्यांना भेटा. टेली मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, कानडी मराठी दोन्हीत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर ऑपरेशनआधीच सर्जनला सांगा, बायपासनंतर गोळी अंगाला लागण्यात फरक पडू शकतो. जगू नये असा विचार आला तर त्याच तासाला कोणालातरी सांगा, उद्यावर ठेवू नका.

शरीराचं: पाणीही टिकत नाही, दोन-तीन दिवस उलट्या थांबत नाहीत, ताप, पोटात जोरात कळ, श्वास किंवा ठोके वाढलेले, काळी शी, चालताना झोक जाणं किंवा दोन-दोन दिसणं, यातलं काही असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, फाईल उचला आणि हॉस्पिटल गाठा. सततच्या उलट्यांनी बी १ कमी होऊन मेंदूवर परिणाम होतो म्हणून वाट बघू नका.

आता किती जातं?

सगळे हेच विचारतात म्हणून लिहिते. आज दुपारी: एक उकडलेलं अंडं, मूठभर मटकीची उसळ, चतकोर भाकरी आमटीत कुस्करून, दोन चमचे दही. पंचवीस मिनिटं लागली. वाटी आता थोडी मोठी झालीय, १५०-२०० मिलीची, पण पहिली छोटी वाटी अजून रॅकमध्ये पुढेच ठेवलीय. संध्याकाळी चार वाजता आत्या आणि मी गच्चीत बसून वाती वळतो.